विहिरीवर काय दिसलं, ते आधी ऐकून घ्या

मराठवाड्यातल्या एखाद्या गावात विहिरीत कुणी बुडून मेलं की दोन दिवसांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या देवतांनी ओढलं. औंदा ओटी भरली नव्हती, त्याचा हा कोप. दुसरा म्हणतो, माणूस चंद्रावर जाऊन आला तरी यांचं भूतखेत काही सुटत नाही. मोबाइलवर क्लिपा फिरतात, तालुक्याला कुणीतरी भाषण ठोकतं, कुणाच्या तरी भावना दुखावतात आणि आठवड्याभरात सगळं थंडावतं. विहिरीला कठडा होता का, पायऱ्या शाबूत होत्या का, काठावर एखादा दोर का नव्हता, हे प्रश्न कुठल्याच तटाला पडलेले नसतात. वाद एकाच गोष्टीवर चालतो: आसरा आहेत की नाहीत.

हा वाद चुकीच्या जागी अडकला आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. माणसाला काय जाणवलं, ही पहिली. त्या जाणवण्याला त्यानं कुठलं नाव दिलं, ही दुसरी. आणि ते नाव दिल्यावर पुढं काय केलं, ही तिसरी. आसरांवर हसणारा माणूस तिसऱ्या गोष्टीच्या संतापात पहिलीच नाकारतो. सांगणाराच खोटारडा किंवा येडा ठरतो. आसरांची बाजू घेणारा पहिली गोष्ट वाचवायच्या नादात तिसरीलाही पाठीशी घालतो. मग देवऋष्याचा चाबूकही श्रद्धेत जमा होतो. भांडतात मात्र दोघंही दुसऱ्या गोष्टीवर, म्हणजे नावावर. माणूस जगतो-मरतो तो तिसऱ्या गोष्टीत आणि उपयोगाची माहिती असते पहिलीत. हे दोन्ही सोडून नावावर भांडण्यात काय हशील?

ज्यांनी गाव सोडून पिढी झाली त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. साती आसरा म्हणजे पाण्याच्या सात बहिणी. जुन्या विहिरीच्या थारोळ्यापाशी, नदीच्या डोहावर किंवा तळ्याच्या पाळीला त्यांचा हातभर लांबीचा दगड असतो. त्यावर एका ओळीत सात बायका कोरलेल्या असतात, बाजूला बहुतेक ठिकाणी एक राखणदार. शेंदराचे थर एकावर एक चढून नाकडोळे केव्हाच बुजलेले असतात. पुढं हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा, पानावर दहीभात, लिंबू. कोरीव दगड नसला तर सात गोटे शेंदूर लावून मांडले तरी चालतं. मच्छी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी अशी त्यांची नावं सांगतात. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर असं सगळं पाण्यातलं गणगोत त्यात आलं. यांच्याखेरीज बांधावरचा म्हसोबा आहे, पिंपळावरचा मुंजा आहे, माळावर लांबून पेटताना दिसणारा आग्यावेताळ आहे, आणि रात्री माणसाला त्याच्याच रानात फिरवत ठेवणारा चकवा आहे. युरोपात ज्यांना परी, वनदेवता, टेकडीखालची माणसं म्हणत आले, त्यांच्या जातकुळीचीच ही मंडळी. दगडाला कुणी घाबरत नाही. घाबरतो तो भर दुपारी निर्मनुष्य विहिरीत वाकून बघताना मागं कुणीतरी उभं असल्याच्या जाणिवेला.

ही जाणीव खरी असते. हे मान्य करायला आसरा मानाव्या लागत नाहीत. वेल्समधल्या ड्यूई रीस नावाच्या डॉक्टरनं १९७१ साली २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखतींचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व जाणवलं होतं. कुणाला नुसतं सोबत असल्यासारखं, कुणाला दिसणं-ऐकू येणं इतपत. ही धडधाकट, कामधंदा करणारी माणसं होती. आणि बहुतेकांनी हे आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक हसतील, या एका धास्तीनं अख्खा अनुभव पोटात राहतो. आपल्याकडं तर हसणाराही तयार असतो आणि उतारा काढणाराही. मधे बसून नुसतं ऐकून घेणारा कुठं आहे?

ऐकून घेतलं की काय हाती लागतं, याचं चकवा हे उत्तम उदाहरण आहे. सांगणाऱ्यांचं वर्णन गावोगाव सारखं असतं: अंधारी रात्र, पायाखालचंच रान, माणूस सरळ घराकडं निघतो आणि घटकाभरानं पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमान आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याची पाहणी केली. माणसांना जर्मनीतल्या सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरलेलं असताना जंगलात ती गोल फिरली, स्वतःचीच वाट पुन्हापुन्हा ओलांडत राहिली आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. डोळे बांधल्यावर तर काहींची वर्तुळं २० मीटर व्यासाइतकी लहान निघाली. म्हणजे चकव्याची हकीकत सांगणारा शेतकरी शब्दशः खरं सांगत होता. आता जुनी माणसं त्यावर जो उपाय सांगतात तो बघा: चालायचं थांब, खाली बस, वाहणा काढून उलट्या पायांत घाल, झुंजुरकं होईस्तोवर हलू नको. यातला बसण्याचा आणि उजाडायची वाट बघण्याचा भाग बिनचूक आहे. अंधारात चालत राहिलेला माणूस बिनकठड्याच्या विहिरीत जातो. वाहणा बदलण्यानं दिशा सापडत नाही, पण घाबरलेल्याचे हात कामाला लागतात आणि तो बसून राहतो. इथं अनुभव खरा, नाव कुणाला पटेल न पटेल, उपाय निम्माअधिक उपयोगी. ‘अंधश्रद्धा’ असा एकच शिक्का मारला असता तर यातलं काय उरलं असतं?

शेतातल्या बहुतेक हकीकती रात्रीच्याच का असतात, हाही कुणी न विचारलेला प्रश्न आहे. रब्बीत ज्वारी-गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं तर शेतीच्या थ्री-फेजची पाळी सांभाळावी लागते. बऱ्याच ठिकाणी आठवड्याचे काही दिवस लाईट दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस थंडीत, हातात बॅटरी आणि खोरं घेऊन एकटा दारं धरतो. वाफा भरेपर्यंत बांधावर टेकतो, डुलकी लागते, दचकून जागा होतो. तुटक झोप आणि उताणं पडणं एकत्र आलं की झोपेतला लकवा येण्याची शक्यता वाढते. स्वप्नांच्या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू सैल सोडून देतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागून सुटतात. तेवढा वेळ हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, छातीवर भार वाटतो आणि जवळ कुणीतरी असल्याची पक्की खात्री होते. काही सेकंद, फार तर काही मिनिटं, मग सगळं ठीक होतं. जगभरची माणसं हे सांगतात आणि आपापल्या गावचं नाव देतात. मग रात्री आखाड्यावर ‘कुणीतरी छातीवर बसलं’ म्हणणाऱ्याला येड्यात काढायचं, की दिवसा लाईट मागायची?

पण याच लक्षणांमागं मरणही उभं असू शकतं. ऐकणाऱ्यानं इथं डोळ्यांत तेल घालून ऐकावं. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश सहसा दुखत नाही, सुजत नाही, खूण बहुतेकदा सापडत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात कळ, मळमळ, घसा दाटलेला. मग पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात, थुंकी गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. घरचे म्हणतात, रात्री काहीतरी बघितलं, वाचा बसली. खूण नसल्यामुळं सापाचं नावही निघत नाही आणि सकाळचे मोलाचे तास अंगारा लावण्यात जातात. फरक ओळखायची साधी रीत आहे. झोपेतला लकवा मिनिटांत संपतो आणि माणूस पूर्ववत होतो. मण्यारीचा लकवा तासागणिक वाढत जातो आणि वरून खाली, पापण्यांपासून छातीकडं उतरतो. छातीचे स्नायू बंद पडले की श्वास थांबतो. म्हणून पापणी जड झाली, गिळताना त्रास झाला, की १०८ ला फोन करून थेट अशा रुग्णालयात न्यायचं जिथं सर्पविषावरची लस आणि कृत्रिम श्वासाचं यंत्र दोन्ही आहे. नुसती लस असून भागत नाही, कारण एकदा चढलेला लकवा लशीनं लगेच उतरत नाही. तोवर श्वास चालू ठेवावा लागतो. कापसावर दिवसभर फवारणी करून तिन्हीसांजेला परतलेल्या गड्याचंही तेच. लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक, स्नायू फडफडतात, बोलण्यात ताळतंत्र नाही. ते ‘बाहेरचं’ नसतं, औषध अंगात भिनलेलं असतं. कपडे काढून अंग साबणानं धुवायचं आणि डब्यावरचं लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. अ‍ॅट्रोपीन हे त्यावरचं औषध वेळेत मिळालं तर माणूस वाचू शकतो.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. नाव निरुपद्रवी नसतं, असं ती बाजू म्हणते, आणि इतिहास तिच्या बाजूचा आहे. १८९५ च्या मार्चमध्ये आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची २६ वर्षांची बाई आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, परीलोकानं तिला नेऊन तिच्या जागी दुसरंच काही ठेवलंय, असं नवऱ्याच्या मनानं घेतलं. काढे पाजले, धरून ठेवलं, कबुली मागितली आणि शेवटी जाळलं. घरात तिचा बाप होता, चुलत भाऊ होते, शेजारी होते. डॉक्टर येऊन गेला होता, पाद्रीही येऊन गेला होता. म्हणजे दवाखान्याची सोय नव्हती म्हणून ती मेली असं नाही. एकदा नाव ठरलं की डॉक्टरचंही कुणी ऐकत नाही. आपल्याकडं बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत बाई अचानक असंबद्ध बोलू लागली, झोपेनाशी झाली, बाळाला ओळखेना, की ‘आसरा लागल्या’ म्हणतात. हजार बाळंतपणांत एक-दोन बायांना होणारा हा मनाचा तीव्र आजार आहे, त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो, आणि वेळेत उपचार झाले तर ती बहुतेकदा पूर्ण बरी होते. तिला पाण्याच्या कडेला नेऊन ओलेती उभी करणं हा गुन्हाच मानला पाहिजे.

याच बाजूचं दुसरं म्हणणं मला त्याहून जड वाटतं. या देवतांच्या भयावर कुणाचा कारभार चालला? विटाळशी बाईनं विहिरीच्या वाऱ्याला जायचं नाही, गेली तर आसरा धरतात, हे सांगून बाईवर पहारा बसला. मरीआईच्या पोतराजकीसारखी कामं ठरावीक जातींच्या गळ्यात पडली: अंगावर आसूड ओढायचा आणि दारोदार मागायचं. बाबासाहेबांनंतर मराठवाड्यातल्या ज्या वस्त्यांनी हे सगळं एका दिवसात सोडून दिलं, त्यांनी ते अज्ञानातून सोडलं नाही. पिढ्यांचा अपमान ओळखून सोडलं. गावच्या विहिरीवर ज्यांना पाय ठेवू दिला नाही, त्यांनी त्या विहिरीच्या देवतांचा आदर राखावा, असं सांगायचा अधिकार कुणालाही नाही. आसरांची हकीकत गोळा करणाऱ्यानं हे विसरून हळवं होऊ नये.

हे सगळं मान्य करूनही माझं मत बदलत नाही. २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदा नीट वाचला तर त्यानं हीच रेघ आखलेली दिसते. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजारांपर्यंत दंड आहे तो कृत्यांना: भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडानं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, साप-विंचू-कुत्रं चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, एखाद्यावर करणीचा आळ घेणं, गुप्तधन किंवा पाण्याचा झरा शोधायच्या निमित्तानं अघोरी प्रकार करणं. ‘मला डोहावर सात बाया दिसल्या’ असं म्हणणं त्यात कुठंही गुन्हा नाही. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन हे तर कायद्यानं स्पष्टपणे बाहेर ठेवलं आहे. कायदा धर्मावर घाला आहे अशी ओरड करणाऱ्यांनी ते कलम वाचावं. आणि ब्रिजेटच्या मरणाचं पुढं काय झालं तेही बघावं. खटला चालला, नवऱ्याला वीस वर्षांची सजा झाली; पण इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्या बाईच्या राखेवर वाद रंगवला तो असा, की असली माणसं स्वराज्याला लायक आहेत का. शहाण्यांच्या त्या तिरस्कारानं पुढची एकही बाई वाचली नाही. गावाला अडाणी ठरवण्यातून गावातल्या बाईला दवाखाना मिळतो, हा हिशेब कुणी कसा मांडला?

श्रद्धेची बाजू घेणाऱ्यांच्याही दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत. पुरावा दाखवायची हौस ही पहिली. १९१७ मध्ये इंग्लंडातल्या कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी, एक सोळाची, एक नऊची, ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. १९२० मध्ये आर्थर कॉनन डॉयलसारख्या नामवंतानं ते खरे म्हणून छापले. १९८३ मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर, दोघींनी कबूल केलं: कागदी आकृत्या कापून टाचणीनं उभ्या केल्या होत्या. पण धाकटी शेवटपर्यंत सांगत राहिली की ओढ्यावर तिला खरंच काही दिसत असे. फोटोच्या खटाटोपात तिचं ते म्हणणं कायमचं संपलं. पुढं त्यावर कोण विश्वास ठेवणार? आज मोबाइलवर फिरणारी ‘विहिरीवरची हडळ’ हीच माती करते. एक खोटी क्लिप शंभर खऱ्या सांगणाऱ्यांची तोंडं बंद करते.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘पूर्वजांनी सगळं विज्ञान ओळखूनच केलं होतं’ हा दावा. जुन्या विहिरीचा गाळ काढताना एक माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि गाव म्हणतं, आसरा एकाला नेत नाहीत. हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास असतो. बंद, पालापाचोळा कुजलेल्या विहिरीत तो घटतो. हवेहून जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, कधी गाळ ढवळल्यावर सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो, आणि तो जास्त झाला की नाक बधिर होऊन वासच येईनासा होतो. शंका येणं हे पूर्वजांचं शहाणपण. पण ओटी भरून उतरलेला माणूसही मेलाच ना? कंदील सोडून बघायची जुनी रीत उपयोगी आहे, तीही अर्धीच. साधारण १६ टक्क्यांच्या खाली ज्योत विझते, तेव्हा विझली तर उतरायचं नाही हे नक्की. पण जळत राहिली म्हणजे हवा चांगली असं नाही, कारण विषारी वायूत ज्योत जळत राहू शकते आणि पेट घेणारा वायू असला तर भडका उडतो. डिझेलचं इंजिन विहिरीत उतरवून पाणी उपसलं, तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कसलाही वास न देता मारतो. म्हणून ब्लोअरनं आधी आणि काम चालू असतानाही ताजी हवा सोडायची, उतरणाऱ्याच्या बगलेतून दोर बांधायचा, वर दोन माणसं दोर धरून, आणि खालचा गप्प झाला तर त्याला ओढायचं. त्याच्यामागं कुणी उतरायचं नाही. आसरांच्या दगडाला नमस्कार करून हे सगळं केलं तर कुणाचं काय बिघडतं? हे न करता नुसता नमस्कार केला तर काय होतं, ते सांगायला नको.

यावर एक आक्षेप उरतो: सगळ्याची कारणं सापडतातच, तर मग ऐकून घ्यायचं कशाला, सरळ कारणच सांगावं. कारण सापडतं ते ऐकल्यामुळं, हे त्याचं उत्तर. फ्रान्समधल्या बार्बोताँ भागात १७९० साली आभाळातून दगड पडले. सुमारे ३०० जणांच्या सहीचं निवेदन गेलं, तेव्हा असला मूर्ख महापौर लाभलेल्या गावाची एका विद्वानानं जाहीर कीव केली. १८०३ च्या एप्रिलमध्ये लेग्ल गावाजवळ हजारो दगड पडले. या वेळी ज्याँ-बातिस्त बियो हा तरुण शास्त्रज्ञ स्वतः गेला, गावोगाव वेगवेगळ्या माणसांना विचारत फिरला, कुठं काय पडलं याचा नकाशा केला, आणि उल्का खऱ्या असतात हे शास्त्रानं मान्य केलं. आसरांच्या बाबतीत हातात धरायला दगड नाही, हे कबूल. बियोच्या मार्गानं आसरा सिद्ध होतील असा माझा दावा नाही. पण मराठवाड्यानं हा धडा फार महाग घेतला आहे. किल्लारी भागात १९९२ मध्येच धक्के जाणवत होते, जमिनीतून आवाज येत असल्याचं लोक सांगत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. भूकंपाची वेळ आधी कुणालाच सांगता आली नसती. पण मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि माळवदांची घरं मजबूत करायला वर्ष हाताशी होतं. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या परिसरात वर्षानुवर्षं गूढ आवाजांच्या तक्रारी होत्या, आणि २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. त्या आवाजाला कुणी काय नाव दिलं, यानं काय फरक पडतो? आवाज आला होता.

नावाची भीती वाटणाऱ्यांनी एकदा लातूर-धाराशिवकडची येळवस बघावी. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला शहरं ओस पडतात. रानात कडब्याची कोप उभी करतात, आत पाच दगड चुना लावून पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मीची पूजा होते. घोंगडी पांघरलेल्या बिंदग्यातून आंबील येते, ताकातली, ज्वारीच्या पिठाची, लसणाच्या वासाची. सोबत शेंगभाज्या-डाळी बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे. आंबील रानभर शिंपडतात आणि वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. इथं कुणी दक्षिणा मागत नाही, कुणाच्या अंगावर आसूड पडत नाही. रानात आपल्याखेरीज आणखी कुणाचा तरी वाटा आहे, एवढंच त्यात मानलेलं असतं. जी विहीर कुणाची तरी आहे असं गाव मानतं, तिच्यात कचरा टाकताना हात थोडा थबकतो. हजार फूट खोल बोअरच्या केसिंगपाशी असं कुणाचं ठाणं नसतं आणि तिथून किती उपसलं याचा हिशेबही कुणी ठेवत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. देवता मानल्या असत्या तर दुष्काळ टळला असता, असं मी म्हणत नाही. पाण्याशी असलेलं नातं नुसतं मोटारीच्या बटणाचं उरणं मात्र चांगलं नाही.

मग करायचं काय? आधी नोंद करायची. मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ए. एम. टी. जॅक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं शाळामास्तरांकडून गावोगावच्या समजुती लिहून मागवल्या. त्याचा १९०९ मध्ये नाशकात वध झाला आणि पुढं एन्थोव्हन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं त्या नोंदी छापल्या. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं त्या प्रश्नावल्या आपल्या गावांपर्यंत आल्याच नाहीत. पुढं प्रभाकर मांडे यांच्यासारख्यांनी इथल्या लोकसाहित्यावर आयुष्य वेचलं, पण गावागणिक पाहणी एकट्यादुकट्याचं काम नव्हे. आयर्लंडनं १९३७ ते १९३९ मध्ये ते पोरांकडून करून घेतलं. सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांवर मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरल्या. आज तो संग्रह सात लाखांहून अधिक पानांचा आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना हे जड नाही. सहावी-सातवीच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत एकेका विहिरीची, डोहाची, बारवेची माहिती घ्यायची. परभणी जिल्ह्यातली वालूरची चक्राकार बारव किंवा चारठाण्याची पुष्करणी जिथं आहे, तिथं तर अभ्यासक्रम दारातच आहे.

विचारायची रीत मात्र नीट शिकवली पाहिजे. ‘तुम्हाला आसरा दिसल्या का’ असं विचारलं की उत्तर आधीच ठरतं. ‘तिथं काय झालं’ एवढंच विचारायचं आणि मधे बोलायचं नाही. सांगून झाल्यावर बारीकसारीक लिहून घ्यायचं: महिना आणि तिथी, चंद्र होता का, वेळ, सोबत कोण, झोप किती झाली होती, पोटात काय होतं, दिवसभरात फवारणी केली होती का, वारा कुठून होता, पाणी किती खोल. त्याच जागेची दुसऱ्या माणसाची हकीकत वेगळी, त्याला पहिल्याची न ऐकवता लिहायची. सांगणाऱ्याचेच शब्द ठेवायचे, गुरुजींनी ते सुधारायचे नाहीत. पुढं काय केलं, कोणाकडं नेलं, किती वेळ गेला, हे वेगळ्या पानावर. सध्या त्रास होत असेल, झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर वही मिटून आधी घरच्यांना आणि दवाखान्याला कळवायचं. १४४१६ हा टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर छापलेला असावा. आणि एक प्रश्न कुठल्याही गावात गाळायचा नाही: या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नव्हते, आणि ते कधी थांबलं? त्याचं उत्तर गावच्या दोन्ही टोकांना जाऊन घ्यायचं, आणि सांगणाऱ्याचं नाव न लिहिता नुसतं वय आणि गाव लिहायचं.